बारा सेल आणि वरचा आकडा

बाजारात त्याला सगळे डॉक्टर म्हणत. माणसांचा नव्हे हो, बॅटऱ्यांचा. तीस वर्षं पुलाजवळ दुकान चालवलं आणि एवढ्या वर्षांत आपल्यापेक्षा बॅटरी जास्त कळणारा माणूस भेटला नाही, असं तो स्वतःच सांगायचा, तेही कुणी न विचारता. एखाद्याने मेलेली बॅटरी काउंटरवर ठेवली की हा आधी गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघणार, मग बॅटरीकडे, आणि म्हणणार, "हिचा काही दोष नाही. तुम्ही वाईट वागवलंत हिला." गिऱ्हाईक ओशाळं होऊन निमूट नवी घेऊन जाई. बायको म्हणायची, "रोग्याच्या घरच्यांना झापणारा डॉक्टर जगात हा एकच." पण माणूस कामाला पक्का होता, हे तीही कबूल करायची.

पुलाच्या कठड्याला एक काळा फळा टांगलेला होता. रोज सकाळी आठच्या आत पाण्याच्या ऑफिसातला शिपाई येई आणि त्यावर खडूने एक आकडा लिहून जाई. "वर: अठरा." "वर: बासष्ट." म्हणजे वर डोंगरमाथ्यावर दिवसभरात किती मिलिमीटर पाऊस झाला, तो आकडा. वरचं पाणी पुलापर्यंत यायला सहा-सात तास लागत, त्यामुळे सकाळी आकडा बघितला की दुपारी नदी कशी वागणार ते कळे. चाळीसपर्यंत निवांत. साठला खालच्या फळीवरचा माल वरच्या फळीवर. शंभर म्हणजे सगळं माडीवर चढवायचं आणि आपणही चढायचं. अख्खा बाजार त्या आकड्यावर जगत होता, पण हे 'वर' म्हणजे नक्की कोण, हे कुणी कधी विचारलं नव्हतं. कशाला विचारतील? आकडा येत होता ना!

गेल्या पावसाळ्यात एक दिवस फळ्यावर लिहिलं होतं, "वर: निरोप नाही." डॉक्टरने फळा बघितला, नदी बघितली. नदी अगदी शहाण्यासारखी वाहत होती. आता, निरोप नाही याचा अर्थ काय घ्यायचा? बाजाराने अर्थ घेतला की सांगण्यासारखं काही नाही, म्हणजे वर पाऊसच नाही. सगळे आपापली दुकानं उघडून बसले. अकराच्या सुमाराला ढग जरासे फाटले, समोरचा कडा दिसला, आणि कड्यावर एक लाल ठिपका दिसला. चहाच्या टपरीवर उभा राहून डॉक्टर म्हणाला, "बघा बघा, एवढ्या पावसात कोणीतरी चादर वाळत घातलीय! वरच्या लोकांची अक्कलसुद्धा ढगात." लोक पोट धरून हसले. दुपारी तीनला पाणी दुकानात शिरलं आणि खालच्या फळीवरच्या एकेचाळीस बॅटऱ्या गेल्या. त्या संध्याकाळी चिखलात उभं राहून त्याने 'वरच्या' माणसाचा जो उद्धार केला, तो इथे लिहिण्यासारखा नाही.

तर यंदा पावसाळ्याला तीन महिने असताना ऑफिसातल्या साहेबांनी त्याला बोलावलं. म्हणाले, "डोंगरावरच्या पाऊस मोजायच्या ठाण्यातल्या सोलरच्या बॅटऱ्या संपल्यात. वीज तिथे पोहोचत नाही, सगळं उन्हावर चालतं. तुम्ही बघून या आणि नव्या कुठल्या घ्यायच्या ते सांगा. गेल्या वर्षी वायरलेस दोन दिवस बंद पडला. मोठ्या ऑफिसातून कळवलंय, यंदा एक जरी निरोप चुकला तर ठाणं बंद करायचं."

"आपोआप पाऊस मोजणारं यंत्र बसवा की मग," डॉक्टर म्हणाला.

"दोनदा बसवलं. दोन्ही वेळा वीज पडून जळालं. ठाणं गेलं की फळा गेला. बाईंनाही खाली आणावं लागेल."

"कोण बाई?"

"पाऊस मोजणाऱ्या बाई. एकोणीस वर्षं त्याच आहेत."

डॉक्टरला हे ठाऊक नव्हतं. पण मनात म्हणाला, बरं झालं, एकेचाळीस बॅटऱ्यांचा जाब विचारायला आता तोंड सापडलं. बसने तासभर गेला, मग दोन तास पायवाट चढला, आणि चढताना काय काय बोलायचं याची तालीम करत राहिला. पहिलं वाक्य ठरलं होतं: 'बाई, तुमच्या एका आळसाने माझं दुकान बुडालं.' दुसरं वाक्य याहून तिखट होतं. तिसऱ्यापर्यंत येता येता त्याला धाप लागली आणि तो दगडावर बसला.

वर दोन खोल्यांचं बसकं घर, कौलांवर चार जुनी सोलर पॅनेलं, शेजारी तारेच्या कुंपणात पावसाचं मोजपात्र. उंबऱ्यावर एक म्हातारी काठी घेऊन बसली होती. ही अक्का, बाईंची मोठी बहीण. शाळेत मास्तरीण होती, निवृत्त झाल्यावर इथे आली. आवाज अजून वर्गातलाच.

"बॅटरीवाले ना? बसा. ती कुंपण बघायला गेलीय. पण ती येईपर्यंत तिच्या पोरांना हात लावू नका हं, चावेल."

"कोण, बॅटरी?"

"ती!" अक्का म्हणाली आणि स्वतःच खुदकन हसली.

डॉक्टरने ऐकलं थोडंच! बाजूच्या खोलीचं दार उघडं होतं, तो शिरला. आणि शिरल्या जागी थांबला.

तीस वर्षांत त्याने शेकडो बॅटरीखोल्या बघितल्या होत्या. कोंदट, चिकट, टर्मिनलांवर पांढरी-हिरवी बुरशी, कोपऱ्यात उंदरांनी कुरतडलेल्या वायरी. इथे लाकडी मांडणीवर शिशाच्या बॅटरीचे बारा उंच सेल एका रांगेत उभे, पारदर्शक डब्यांचे, आतलं पाणी सगळ्यांत एकाच रेघेला. टर्मिनलं घासूनपुसून त्यांना व्हॅसलीनचा पातळ हात. खिडकीला बारीक जाळी, म्हणजे वायू बाहेर जावा आणि किडा आत येऊ नये. भिंतीला खिळ्यावर आम्लापासून डोळे वाचवायचा चष्मा, रबरी हातमोजे, खाली सोड्याच्या पाण्याची बाटली. मऊ फडक्यात गुंडाळलेला हायड्रोमीटर. प्रत्येक सेलवर पेन्सिलीने लिहिलेला नंबर, एक ते बारा. डॉक्टर वाकला आणि डब्यावरची तारीख वाचली. मग चष्मा काढला, शर्टाला पुसला, पुन्हा घातला. तारीख तीच होती. एकोणीस वर्षांपूर्वीची.

अहो, कंपनीचं स्वतःचं माहितीपत्रक बढाई मारून मारून बारा वर्षं सांगतं! त्याच्या गिऱ्हाइकांकडे असा सेट सहा वर्षं टिकला तर तो पेढे मागायचा. त्याने न राहवून हायड्रोमीटर काढला आणि एकेका सेलचं पाणी ओढून बघितलं. सातवा आणि अकरावा गेलेले होते, ते कुणीही सांगितलं असतं. पण बाकीचे दहा? दहाच्या दहा अजून उभे! थकलेले, पण उभे. डॉक्टर मांडणीजवळच्या छोट्या स्टुलावर बसला. एकेचाळीस बॅटऱ्या त्या क्षणी त्याच्या डोक्यातून साफ निघून गेल्या.

"आधी वही वाचायची, मग रोग्याला हात लावायचा," दारातून आवाज आला. "डॉक्टर म्हणवता ना?"

बाई साठीच्या पुढच्या, लहानखुऱ्या, टाचेला भेगा, कमरेला पदर खोचलेला. डॉक्टर चटकन उठून उभा राहिला. का उठला, ते त्याला स्वतःलाही सांगता आलं नसतं.

वह्या एकोणीस होत्या, वर्षाला एक. प्रत्येक पानावर सकाळचा पाऊस, खाली बाराही सेलची ग्रॅव्हिटी, म्हणजे आतलं आम्ल किती दाट ते, खाली दिवसभरात किती वीज वापरली तो आकडा, आणि बाजूला शेरा. 'सात रुसलाय. उद्या ऊन लागलं तर बघू.' 'अकरा फार पाणी पितो.' 'चार शहाणा, याचं काही म्हणणंच नसतं.' एक दिवस सुटलेला नव्हता. तापाने फणफणलेल्या दिवसाचं पान होतं, त्यावर अक्षर वाकडंतिकडं, पण बाराही आकडे जागच्या जागी. डॉक्टर पानं उलटत राहिला. त्याने स्वतः, डॉक्टर म्हणवणाऱ्याने, आपल्या दुकानातल्या बॅटऱ्यांची अशी वही सलग सात दिवससुद्धा ठेवली नव्हती.

"तुम्हाला हे शिकवलं कोणी?"

"आमच्या यांनी. पाऊस ते मोजायचे. हा सेट त्यांनीच मागवला, त्यांनीच बसवला. तीन महिने मला रोज शिकवलं, ग्रॅव्हिटी कशी बघायची, पाणी कधी घालायचं. चौथ्या महिन्यात सकाळी चहा मागितला, मी करून आणला, तोवर गेलेले. काही आजार नाही, काही नाही." बाईंनी पदराने स्टूल पुसलं. "त्या दिवशीचा पाऊस मोजायचा राहिला होता. खाली लोक थांबलेले असतील म्हणून मी मोजला. मग मोजतच राहिले."

डॉक्टरने वही पुढ्यात ओढली. तो वहीत डोकं घालून हिशेबाला बसला, कारण हिशेब त्याला येत होता. गेल्या दोन वर्षांचा वापर काढला. रोजचा जेमतेम पाव युनिट. तीन दिवस ऊन नाही असं धरलं, थोडं जास्तीचं घातलं, आणि त्याचा चेहरा उजळला.

"बाई, तुमचं काम एकदम सोपं! पाव युनिटला हा एवढा डोलारा कशाला? लिथियमची एकच पेटी बसवतो, मी स्वतः पाठीवर टाकून आणीन. पाणी घालायला नको, ग्रॅव्हिटी नको. या उंदराएवढ्या भुकेसाठी बारा सेलचं ताट वाढणारा शहाणा कोण होता म्हणतो मी..." आणि मग त्याला आठवलं, शहाणा कोण होता ते. त्याने जीभ चावली.

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "ही पेटी जायच्या आधी सांगते का?"

"म्हणजे?"

"हे माझे बारा आहेत ना, हे थकायला लागले की सांगतात. आज थोडी ग्रॅव्हिटी उतरली, उद्या थोडी, दिवा पिवळा पडतो. मला चार दिवस आधी कळतं आणि मी वायरलेससाठी राखून ठेवते. तुमची पेटी सांगते का?"

तीस वर्षांत गिऱ्हाइकाने त्याला किंमत विचारली होती, वॉरंटी विचारली होती, रंगसुद्धा विचारला होता. हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. खरं सांगायचं तर लिथियम शेवटपर्यंत ताठ उभं राहतं आणि मग एका झटक्यात दार लावून घेतं. "मीटर लावता येतो," तो म्हणाला, पण आवाजात दम नव्हता.

"मीटर बिघडला तर? इथे विजा पडतात. न सांगता जाणारं मला आणखी काही नको," बाई म्हणाल्या.

इतका वेळ उंबऱ्यावर बसून ऐकणारी अक्का आता काठी आपटत आत आली. "आणि ते पाव युनिट काय म्हणालात? विचारा की तिला, पाव कसं झालं ते! आधी दीड होतं."

"अक्का, गप्प बस."

"का म्हणून? वही उलटी धरा हो, मागून वाचा."

डॉक्टरने वही उलटी केली. शेवटच्या पानावर एक यादी होती, दर वर्षी नव्या वहीत उतरवलेली, खाली एकेक ओळ वाढलेली.

'नववं वर्ष: इस्त्री बंद. अकरावं: मिक्सर बंद. बारावं: फ्रीज बंद, अक्काला सांगितलं बिघडला.'

"काय?" अक्का ओरडली. "बिघडला नव्हता? सात वर्षं मी त्या फ्रीजला शिव्या घालतेय!"

'चौदावं: शिलाई मशीनची मोटर काढली, पायाने चालवते. पंधरावं: पंखा. सोळावं: अक्काचा रेडिओ फक्त रविवारी. सतरावं: वाचायचा दिवा. अठरावं: मोरीतला दिवा.' आणि सगळ्यात खाली, 'वायरलेस', त्यापुढे काही नाही. तिथली जागा कोरी.

डॉक्टर त्या पानाकडे बघत राहिला. आता त्याला कळलं, बॅटरी एकोणीस वर्षं कशी टिकली ते. सेल म्हातारे होत गेले, तसतसं या बाईने त्यांच्यावरचं ओझं काढून आपल्या अंगावर घेतलं. वर्षामागून वर्ष घरातली एकेक वस्तू विझवली. सेलना कधी कळूच दिलं नाही की ते म्हातारे झालेत. उन्हाळ्यात घामाने निथळली, मशीन पायाने मारलं, संध्याकाळी काळोखात बसली. अन् आपण, तीस वर्षांचे अनुभवी, काय करायला निघालो होतो? अर्धपोटी राहणाऱ्या माणसाच्या ताटातली भाकरी मोजून सांगत होतो की याची भूकच एवढी!

"दिवा नाही तर संध्याकाळी काय करता?" त्याने हळूच विचारलं.

"मी गोष्टी सांगते," अक्का म्हणाली. "चाळीस वर्षं पोरांना वाचून दाखवलेल्या, सगळ्या पाठ आहेत. काही ठिकाणी विसरते, तिथे माझ्या घालते. तिला कळतं, पण बोलत नाही."

"कळतं तर! गेल्या आठवड्यात राजा दोनदा मेला," बाई म्हणाल्या.

दोघी हसल्या. डॉक्टरलाही हसू आलं. मग काहीतरी विचारायचं म्हणून त्याने विचारलं, "गेल्या वर्षी वायरलेस बंद पडला तो दिवस..." तालीम केलेलं वाक्य कधीच जिरून गेलं होतं.

बाई मोजपात्राकडे निघून गेल्या, दुपारची वेळ झाली होती. सांगितलं ते अक्काने. सहा दिवस ऊन नव्हतं. सहाव्या सकाळी सात आणि अकरा नंबरचे सेल बसले आणि वायरलेस मुका झाला. मोजपात्रात एकशे नऊ. बाई कागदावर आकडा लिहून खाली निघाल्या, तर ओढ्याने वाट तोडलेली. परत वर आल्या, अक्काच्या अंथरुणावरची लाल चादर ओढली, आणि कड्यावर गेल्या. "सकाळपासून दुपारी तीनपर्यंत उभी होती हो. त्या वाऱ्यात चादर हलवत. मला वाटलं, उडून जाते आता चादरीसकट. आली तेव्हा हात खांद्याच्या वर जात नव्हते. पंधरा दिवस मी वेणी घातली तिची. पण खाली कुणाला दिसलीच नसेल, एवढ्या लांबून काय दिसणार!"

डॉक्टर भिंतीला हात टेकून उभा राहिला. चहाची टपरी, हसणारे लोक, स्वतःचा तो खणखणीत आवाज, सगळं कानात वाजायला लागलं. लाज वाटली म्हणजे किती वाटली! जमीन दुभंगली असती तर तो खुशाल आत गेला असता. बाई परत आल्यावर त्याने मान खाली घालून एका दमात सांगून टाकलं. "बाई, दिसली होती. मला दिसली होती. मी... मी म्हणालो, कोणीतरी चादर वाळत घातलीय. मी हसलो. सगळ्यांना हसवलं."

त्याला वाटलं, आता बाई काय म्हणतील ते ऐकून घ्यायचं.

बाईंचे डोळे मोठे झाले. "दिसली होती?" त्यांनी अक्काचा दंड धरला. "अक्का, अगं ऐकलंस का? दिसते! कड्यावरून खाली दिसते!" मग डॉक्टरकडे वळून म्हणाल्या, "वर्षभर मला तोच घोर होता, पुन्हा वेळ आली तर ते पोहोचतं की नाही. लाल दिसला ना रंग? स्पष्ट? बरं झालं तुम्ही सांगितलंत. म्हणजे पुढच्या वेळी तुम्हाला कळेल."

रागाचा एक शब्द नाही. अहो, एक शब्दसुद्धा नाही! डॉक्टर आयुष्यात पुष्कळांपुढे वाकला होता, कधी धंद्यासाठी, कधी नाइलाजाने. त्या दिवशी तो आपसूक वाकला आणि बाईंच्या पायांना हात लावला. बाई दोन पावलं मागे सरकल्या. "हे काय भलतंच! उठा, हिशेब करा."

मग मात्र तो खरा हिशेबाला बसला. बाईंचं म्हणणं, सात आणि अकरा तेवढे बदला, बाकीचे दहा अजून चांगले आहेत. डॉक्टरने समजावलं की म्हाताऱ्यांत दोन तरुण बसवले तर ते तरुणही वर्षभरात म्हातारे होतात, बदलायचे तर बाराही. बाईंना ते पटलं, पण त्या बराच वेळ चार नंबरच्या डब्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या. लिथियम त्याने स्वतःच खोडलं. पॅनेलची वीज बॅटरीत सोडणारा जुना चार्ज कंट्रोलर शिशाच्या बॅटरीचीच भाषा जाणणारा, हिवाळ्यात या खोलीत पाणी गोठतं आणि तशा थंडीत लिथियमला चार्ज चालत नाही. आणि तिसरं कारण बाईंनी आधीच सांगितलं होतं. शिशाची एक खोड आहे, ती अर्धपोटी फार दिवस राहिली की बिघडते, म्हणून ढगातून तासभर ऊन आलं तरी पोट भरावं यासाठी आणखी दोन पॅनेलं. मग वापर. त्याने वही उलटी धरली आणि यादी वरून खाली उतरवायला लागला. इस्त्री, मिक्सर, फ्रीज.

"अहो, हे काय लिहिताय? वायरलेसपुरतं बघा. आम्हाला सवय झालीय," बाई म्हणाल्या.

डॉक्टरने पेन खाली ठेवलं. तीस वर्षं तो गिऱ्हाइकांना एकच वाक्य ऐकवत आला होता, आज ते उलटं निघालं. "बाई, तुम्ही बॅटरीला फार चांगलं वागवलंत. असं कुणी वागवलेलं मी बघितलं नाही, पुढेही बघणार नाही. पण माणसांना वाईट वागवलंत. या दोन माणसांना. आता मी डॉक्टर आहे, मी सांगतो ते ऐकायचं."

"बरोबर बोललात! रेडिओ लिहा. रोजचा लिहा," अक्का म्हणाली.

शिलाईची मोटर, पंखा, रेडिओ रोजचा, वाचायचा दिवा, मोरीतला दिवा, वायरलेस. सहा दिवस ऊन नाही असं धरलं, कारण बाईंच्या एकोणीस वह्यांत सगळ्यात लांब काळोख सहा दिवसांचा होता. बेरीज केली, बॅटरी निम्म्याखाली उतरवायची नाही म्हणून दुप्पट केली, सेलच्या मापाने भागलं. उत्तर बघून तो थांबला. पुन्हा केलं. उत्तर तेच. बारा सेल, याच मापाचे.

"तुमच्या यांचं गणित बरोबर होतं," तो म्हणाला. "एक सेल कमी नाही, एक जास्त नाही."

बाईंनी कागद हातात घेतला, बेरीज स्वतः पडताळून बघितली, आणि घडी घालून पहिल्या वर्षाच्या वहीत ठेवला. डॉक्टरला साहेबांसाठी तो हिशेब दुसऱ्या कागदावर पुन्हा लिहावा लागला.

साहेब कुरकुरले. पाव युनिटला एवढा पसारा कशाला, म्हणाले. डॉक्टरने टेबलावर ती यादी ठेवली आणि साहेब वाचून होईपर्यंत खुर्चीत बसला नाही. साहेबांनी दोनदा वाचलं आणि सही केली. खेचरांवरून सेल वर गेले, दोन दोन करून. डॉक्टर तीन दिवस तिथेच राहिला, आम्ल भरलं, पहिला चार्ज दिला, एकेका सेलची ग्रॅव्हिटी बाईंनी वाचली आणि त्याने लिहिली, उलटं नव्हे. जुने बारा सेल खाली पाठवायच्या आधी बाईंनी पुसून घेतले. खेचरवाला म्हणाला, भंगारात जायचे ते कशाला पुसता? बाई म्हणाल्या, "एकोणीस वर्षं काम केलंय त्यांनी." बाजारात आल्यावर डॉक्टरने फळ्याखाली एक पाटी लावली: 'निरोप नाही म्हणजे पाऊस नाही असं नव्हे. कड्याकडे बघा. लाल दिसलं की माल माडीवर.' बायको म्हणाली, "अक्षर तरी नीट काढायचं!" आणि तिनेच ती पुन्हा रंगवली.

पावसाळा आला तो थांबेचना. तीन दिवस झाले, चार झाले, आभाळ काही उघडेना. डॉक्टर दुकान उघडायच्या आधी फळ्यापाशी जाऊन उभा राही. आकडा येत होता. अठ्ठावन्न. सत्तर. त्र्याऐंशी. पाचव्या दिवशी एकाहत्तर. सहाव्या दिवशी तो उजाडायच्या आधीच उठून बसला, कारण सहाव्या दिवशीच गेल्या वर्षी सगळं बसलं होतं. आठ वाजले, शिपाई आला नाही. सव्वाआठ. धुक्यात कडा दिसत नव्हता, लाल नाही की काही नाही. हिशेबात चूक तर नाही झाली? एखादा सेल खराब तर नाही निघाला? तो छत्रीबित्री न घेता ऑफिसकडे पळत सुटला.

वायरलेसच्या खोलीत साहेब, शिपाई, आणखी दोघं, सगळे सेटभोवती वाकलेले. "खालचा एरियल वाऱ्याने पडला होता, आत्ता बसवला," शिपाई पुटपुटला. सेटमधून खरखर आली, मग आवाज, सावकाश, ठाशीव, जसा काही हातात वही धरून.

"वरून बोलतेय. सकाळी सातचा आकडा. एकशे सव्वीस. पुन्हा सांगते, एक, दोन, सहा. बाराही सेल चांगले आहेत."

एवढं बोलून झालं तरी बाईंचं बटण दाबलेलंच होतं, आणि मागून आणखी काहीतरी येत होतं. गाणं. रेडिओवरच्या कुठल्याशा जुन्या गाण्याचं कडवं, आणि त्याच्यावर काठीचा ठेका. मग वर्गातला तो आवाज, "अगं, मोठं कर की जरा!" आणि बाईंचा, "थांब गं अक्का, आकडा सांगतेय ना!"

मंगळवार होता.

साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या. "मागे कसला हो आवाज हा?"

डॉक्टरच्या अंगावरून पाणी गळत होतं, त्यातलं पावसाचं किती आणि डोळ्यांचं किती, ते त्यालाच ठाऊक. "तो हिशेबात धरलाय, साहेब," तो म्हणाला, आणि माल माडीवर चढवायला दुकानाकडे धावला.